अरे-तुरेचा ठराव

आमच्या घरमालकांना "कसे आहात काका?" असं विचारलं, की ते खरंच सांगायचे. "मजेत" वगैरे नाही. आधी 'आल्झो', म्हणजे जर्मनमधलं 'तर', आणि मग सगळं. "आल्झो, डावा गुडघा कालच्यापेक्षा बरा, झोप सहा तास दहा मिनिटं, पोट ठीक." आपण जिन्यात कचऱ्याच्या दोन पिशव्या धरून उभे, एका हाताला कळ लागलेली, आणि हे अजून पोटावरच. सुरुवातीला मला वाटायचं, माणूस फिरकी घेतोय. मग कळलं, की जर्मनीत न्युरेम्बर्गच्या ऑफिसात सव्वीस वर्षं काढल्यावर फिरकी घ्यायलासुद्धा ते आधी वेळ ठरवून घेत असावेत.

मी आणि माझा नवरा त्यांच्या वरच्या मजल्यावर सहा वर्षं राहिलो. खाली ते आणि काकू. मूळचे सांगलीचे, पुण्यात इंजिनियरिंग, मग इथल्या एका कंपनीत तपासणी खात्यात. समोर आलेल्या प्रत्येक वस्तूत दोष असणारच आणि तो आपल्यालाच सापडणार, एवढीच त्यांची नोकरी होती. निवृत्त झाल्यावर ती त्यांनी घरी आणली. वस्तू संपल्या, तेव्हा भाडेकरू होतेच.

घर बघायला आलो त्या दिवशी त्यांनी आम्हाला आधी खोल्या दाखवल्या नाहीत. खिडकी कशी उघडायची ते दाखवलं. रोज दोनदा, दहा मिनिटं, पूर्ण उघडायची, बाहेर बर्फ असला तरी. मग घराचे नियम हातात दिले, मराठीत, सुवाच्य अक्षरात. रविवारी मिक्सर नाही. दुपारी एक ते तीन मिक्सर नाही. कुकरच्या शिट्ट्या जास्तीत जास्त तीन, सबब डाळ आधी भिजत घालावी. माझ्या आईनेही मला कधी इतक्या तपशिलात स्वयंपाक शिकवला नव्हता. डाळ तीन शिट्ट्यांत शिजते हे खरं निघालं, याचाच मला जास्त राग आला.

कचरा तर विचारूच नका. एकदा दारावर टकटक झाली. उघडलं तर काका, हातात वर्तमानपत्राची पुडी. "आल्झो, ही तुमची चहापत्ती. पिवळ्या पिशवीत गेली होती." पिवळी पिशवी प्लास्टिकची, चोथा तपकिरी डब्यात जायचा, हे मलाही माहीत होतं. सकाळची घाई होती इतकंच. त्यांनी तो चोथा हाताने गोळा करून, पुडी बांधून, एक मजला चढून मला परत आणून दिला होता. वर गुडघा दुखतोय हेही सांगितलं. काय बोलणार? थँक यू म्हटलं आणि पुडी घेतली.

काकूंचं या सगळ्यावर काही म्हणणं नसे. म्हणजे असे, पण ते त्या पोळी लाटताना, पोळीकडे बघत सांगत. "अहो, त्या पोरीला चहा तरी पिऊ द्या, मग चोथा मोजा." बस. तेवढंच, आवाज न चढवता. काका त्यावर "गेनाऊ" म्हणत. म्हणजे अगदी बरोबर. आणि पुढचा डबा तपासायला निघत.

तर अशा या माणसाने एका शनिवारी आम्हाला खाली बोलावलं. जेवणाच्या टेबलावर काचेच्या खाली एक मोठा नकाशा सरकवलेला होता. उत्तर थायलंडचा. चिअँग माय, तिथून डोंगरातून पाई, मग मे होंग सोन, मग दक्षिणेला वळून परत चिअँग माय. अठराशे चौसष्ट वळणं आहेत म्हणे त्या रस्त्याला. काकांनी त्यांतली उलटी होण्याजोगी वळणं लाल पेन्सिलने वेगळी केली होती, कारण काकूंना गाडी लागते.

"नऊ दिवस," काका म्हणाले. "सहा माणसं. आम्ही दोघं, बाळ्या आणि बायको, सुध्या आणि बायको. दर तासाला बारा मिनिटं पुफर."

पुफर म्हणजे राखून ठेवलेला वेळ. हा शब्द त्यांनी ऑफिसातून आणला होता आणि त्यांच्या आयुष्यात पुफर नसलेली एकही गोष्ट नव्हती. लग्नाला गेले तरी मुहूर्ताच्या आधी पुफर. काकू म्हणायच्या, माझ्या लग्नात वऱ्हाड यायच्या आत नवरदेव हजर होता.

बाळ्या आणि सुध्या हे त्यांचे पुण्याच्या हॉस्टेलवरचे मित्र. बाळ्याचा कोल्हापूरला फाउंड्रीचा कारखाना, सुध्या बँकेतून निवृत्त. तिसराही एक होता, तो नुकताच गेला होता. त्याच्या बातमीनंतर आठवड्याभरात हा नकाशा टेबलावर आला, असं काकूंनी मला नंतर सांगितलं.

"पण थायलंडच का?" नवऱ्याने विचारलं. "ते इथे येऊ शकतात की. किंवा तुम्ही तिकडे."

काकांनी चष्मा काढला. तो काढला, की पुढचं वाक्य महत्त्वाचं असतं हे आम्हाला ठाऊक होतं. "आल्झो. ते इथे आले, की मी यजमान. मी तिकडे गेलो, की मी पाहुणा. दोन्हीकडे माझ्यासाठी खुर्ची पुसतात. थायलंडमध्ये आम्ही तिघेही परके. तिथे कोणी खुर्ची पुसणार नाही."

मला तेव्हा हे काही नीट कळलं नाही. मला वाटलं, व्हिसा सोपा पडत असेल.

मग सुरू झाल्या तालमी. न्युरेम्बर्गच्या उत्तरेला थोडा डोंगराळ भाग आहे, त्याला इथले लोक मोठ्या अभिमानाने स्वित्झर्लंड म्हणतात. काकांनी तो थायलंड म्हणून वापरायला घेतला. चार शनिवार. पुढे काका गाडी चालवताहेत, शेजारी काकू आल्याच्या वड्यांचा डबा घेऊन, मागे आम्ही दोघं. एका खेड्यातली बेकरी म्हणजे पाई. चेरीच्या बागेपाशी मे होंग सोन. काकू बिचाऱ्या प्रत्येक लाल वळणाला डोळे मिटायच्या आणि काका विचारायचे, "आत्ता कसं वाटतंय? एक ते दहा?" काकू डोळे न उघडता म्हणायच्या, "अहो, रस्त्याकडे बघा."

दुसऱ्या शनिवारी मला भूमिका मिळाली. "आज तुम्ही बाळ्या," काका मला म्हणाले. नवऱ्याला सुध्या केलं, कारण सुध्या गाडीत झोपतो आणि माझा नवराही झोपतो. त्यात तालमीची गरज नव्हती.

"बाळ्या काय करतो?" मी विचारलं.

"दर अर्ध्या तासाने चहा मागतो. तो मागेल तेव्हा किती उशीर होतो, हे मला बघायचंय."

मी घड्याळ लावून अर्ध्या तासाने म्हटलं, "अहो काका, चहाला थांबूया का?"

गाडीचा वेग कमी झाला नाही. "बाळ्या अहो म्हणणार नाही," काका म्हणाले.

"मग काय म्हणेल?"

"अरे म्हणेल."

मी प्रयत्न केला. खोटं कशाला बोलू, तोंड उघडलंसुद्धा. माझ्या सख्ख्या काकाला मी बिनदिक्कत अरे काका म्हणते. पण हा माणूस, ज्याने मला चहाचा चोथा पुडीत बांधून परत दिला, त्याला अरे? "नाही हो जमत, काका," मी म्हटलं. शेजारी नवरा जागा होता, पण त्याने सुध्याची भूमिका सोडली नाही.

दोन-तीन वळणं गेली. मग काकांनी रस्त्याकडे बघतच हिशोब सांगितला. आई-वडील गेले. थोरला भाऊ गेला. ऑफिसात सव्वीस वर्षं हेर, म्हणजे श्रीयुत, अमुक. इथल्या मराठी मंडळात सर, नाहीतर काका. घरात अहो. मुलगी हॅम्बर्गला असते, ती जर्मन बोलते, जर्मनमध्ये डू, म्हणजे तू, म्हणते, पण तिथे सगळीच मुलं बापाला डू म्हणतात, म्हणून तो धरत नाही. "मला अरे म्हणणारी माणसं तीन होती. आता दोन उरली. दोघांचंही वय चौसष्ट, एकाला शुगर. त्यात पुफर नाही."

इतकं सरळ. म्हणजे तो नकाशा, ती वळणं, हा सगळा उपद्व्याप नऊ दिवस कोणीतरी अरे म्हणावं म्हणून होता. मला हसू येत होतं, पण हसले नाही. काकू खिडकीतून बाहेर बघत होत्या. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, मक्याचं शेत होतं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं त्या माणसाचा विक्षिप्तपणा वाटेल. जर्मनमध्ये 'तुम्ही'ला झी आणि 'तू'ला डू. ऑफिसात झीवरून डूवर यायचं तर मोठ्याने रीतसर तसं सुचवायचं असतं आणि धाकट्याने ते स्वीकारायचं. काकांच्या साहेबांनी चौदा वर्षांनंतर नाताळच्या पार्टीत हातात ग्लास घेऊन त्यांना डू देऊ केला होता. काका तो प्रसंग मुंजीसारखा सांगत. साहेब कुठे उभे होते, ग्लासात काय होतं, सगळं. "काय सभ्यपणा आहे बघा," ते म्हणत. "गृहीत धरत नाहीत. विचारतात." चौदा वर्षं रोज एकत्र जेवल्यावर विचारतात, याचं त्यांना काहीच वाटत नसे.

बाळ्या आणि सुध्या त्या सप्टेंबरात आपल्या बायकांबरोबर युरोपच्या ग्रुप टूरवर आले आणि म्युनिकला ग्रुप सोडून तीन दिवस काकांकडे राहिले. अकरा वर्षांनी भेटत होते. काकांनी म्हटलं, योगायोग चांगला आहे, नियोजनाची बैठक समोरासमोरच घेऊ. मला आणि नवऱ्याला त्यांनी तालमीचे साक्षीदार म्हणून बोलावलं. म्हणजे कोणी म्हणालं, की एवढ्या वेळात पोचणार नाही, तर आम्ही सांगायचं की पोचलो होतो.

बाळ्या म्हणजे दारातून आत आला की घर लहान वाटावं असा माणूस. मला बघितल्या बघितल्या म्हणाला, "तू होय ती माझं काम करणारी? चहा मागितलास का नाही?" सुध्या बारीक, हळू बोलणारा. मला दोघंही एकदम आवडले. मला वाटलं, काकांचं काम झालं. नऊ दिवस कशाला, इथेच होईल.

पण गोची आधीच झालेली होती आणि ती ईमेलमध्ये. काकांचं बोलणं कसंही असलं तरी त्यांचं लिखित मराठी शाळेतल्या रजेच्या अर्जावर थांबलेलं होतं. सहा महिने ते मित्रांना लिहीत होते: "आपणांस कळविण्यात येते की दौऱ्याची सुधारित रूपरेषा सोबत जोडली आहे. कृपया पोच द्यावी." त्यावर बाळ्याने गमतीने लिहिलं, "पोच दिली साहेब." सुध्याने लिहिलं, "आज्ञा साहेब." हॉस्टेलवरच्या पोरांनी दुसरं काय लिहायचं? काकांनी ती दोन्ही उत्तरं छापून फाइलला लावली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर बैठक. सहा फाइली, प्रत्येकीवर नाव. पहिला मुद्दा अंतरं. दुसरा मुद्दा रस्त्यातली स्वच्छतागृहं. तिसरा मुद्दा काकूंच्या वड्या. सुध्या पेंगत होता, बाळ्या फाइलच्या मागे मोबाईल बघत होता, बायका काकूंना साड्यांचं काहीतरी विचारत होत्या. छान चाललं होतं. मग काका उठून उभे राहिले आणि हातात सफरचंदाच्या रसाचा ग्लास घेतला. ती उभं राहण्याची पद्धत मी लगेच ओळखली, साहेबांच्या नाताळच्या पार्टीतली.

"आल्झो, मुद्दा चार. आपली ओळख सेहेचाळीस वर्षांची आहे. तेव्हा मी असं सुचवतो, की या दौऱ्यात आपण तिघांनी एकमेकांना अरे म्हणावं. कोणाची हरकत असेल तर आत्ता सांगावी."

सुध्या जागा झाला. बाळ्याने मोबाईल खाली ठेवला आणि अगदी मनापासून विचारलं, "मग आत्तापर्यंत काय म्हणत होतो आम्ही?"

"साहेब," काका म्हणाले. "दोनदा. फाइलला आहे."

"ती चेष्टा होती लेका."

"गेनाऊ. पण लेखी आहे." आणि काका ग्लास धरून उभेच. त्यांना लेका ऐकूच आलं नाही. ते अरेची वाट बघत होते.

आता तुम्हीच सांगा, समोरचा काय करणार? बाळ्या उठला, दोन्ही हात जोडले, कमरेत वाकला आणि म्हणाला, "अहो साहेब, ठराव मंजूर. आता परवानगी असेल तर लघवीला जाऊन येतो." सगळे हसले. काकाही हसले. काकू तेवढ्या हसल्या नाहीत, त्यांनी ताटं उचलायला घेतली.

त्यानंतर जे झालं त्याला मराठी भाषाच जबाबदार आहे, असं माझं मत आहे. तोंडातून सहज निघणाऱ्या शब्दाचा ठराव केला, की तो निघेनासा होतो. सुध्या दोनदा अरे म्हणायला गेला आणि अडखळला, कारण म्हटलं तर ठराव पाळल्यासारखं होणार आणि नाही म्हटलं तर मोडल्यासारखं. मग सगळ्यांनी सोयीचा रस्ता काढला. आपल्या भाषेत समोरच्याला तू-तुम्ही काहीही न म्हणता दिवसचे दिवस काढता येतात. "चहा होणार आहे का?" "निघायचं का आता?" "मीठ मिळेल का इकडे?" तीन मित्र, सेहेचाळीस वर्षांची ओळख, आणि दीड दिवस मीठ मिळत होतं, चहा होत होता, कोणी कोणाला काही म्हणत नव्हतं. बाळ्या मधूनमधून साहेब म्हणायचा आणि हसायचा. ते हसणंसुद्धा हळूहळू कमी झालं.

काका स्टेशनवर त्यांना सोडून आले, त्या संध्याकाळी जिन्यात भेटले. मी सवयीने विचारलं, "कसे आहात काका?"

"तीन दिवसांत अरे शून्य," ते म्हणाले. गुडघ्याचं काही सांगितलं नाही.

मला त्यांची फार दया आली आणि तितकाच संताप. वाटलं, त्या माणसाला खांदे धरून हलवावं आणि सांगावं, की बाबा रे, मैत्री तुमच्या तपासणी खात्यातून पास होऊन येत नसते. पण हे मी सांगणार कोण? मी तर तालमीतही नापास झाले होते. मी म्हटलं, "थायलंडमध्ये होईल." काकांनी मान हलवली. त्यांनी मुद्दा चार काढून टाकून नवी फाइल पाठवली. त्यावर दोघांचा फक्त अंगठा आला. येणार की नाही, कोण जाणे. अंगठ्याचा अर्थ काय, हे काकांनी मला तीन वेळा विचारलं.

पण दोघं आले, बायकांसकट. जानेवारीत काका-काकू चिअँग मायला गेले आणि मी खाली त्यांच्या कुंड्यांना पाणी घालत राहिले, कागदावर लिहून दिलेल्या मापाने. बारा दिवसांत काकांचा एकही मेसेज नाही. फोटो नाही. जो माणूस बेकरीत पोचल्याचीसुद्धा वेळ कळवायचा, त्याचं मौन मला बरं वाटेना. नवरा म्हणाला, मजा करत असतील. मी म्हटलं, त्यांनी मजा केली असती तर त्याचा तक्ता आला असता.

परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी किल्ली आणि साठलेलं टपाल घेऊन खाली गेले. काकू स्वयंपाकघरात पोळ्या करत होत्या. काका टेबलाशी, समोर कागद. डाव्या कोपरावर भलंमोठं खरचटलेलं, त्याच्यावर जांभळं औषध. आणि चेहरा असा, की मी सहा वर्षांत बघितला नव्हता. माणूस खुशीत होता.

"बसा," म्हणाले. "दौऱ्याचा प्रोटोकोल लिहून तयार आहे. आल्झो, योजनेप्रमाणे न झालेल्या गोष्टी सत्तावीस."

फाइल पहिल्याच दिवशी हॉटेलात राहिली. पाईला ते ठरल्यापेक्षा चार तास उशिरा पोचले, कारण बाळ्याने प्रत्येक टपरीवर चहा घेतला. सुध्याच्या बायकोचा मोबाईल धबधब्यात गेला. काकूंना एकाही लाल वळणावर उलटी झाली नाही, झाली ती सपाट रस्त्यावर. हे सगळं ते असं सांगत होते, जसं दुसऱ्या कोणी केलेल्या चुका असाव्यात आणि त्या त्यांना सापडल्या असाव्यात.

"आणि साहेब?" मी विचारलं.

"ते चालूच होतं. रोज." ते जरा थांबले. "आता सहाव्या दिवसाचं ऐका."

म्यानमारच्या सरहद्दीजवळ चहाच्या मळ्यांचं एक गाव आहे, तिकडे जाणारा चढ. रस्त्याचं काम चालू होतं आणि आदल्या दिवशी अवेळी पाऊस पडून गेलेला. बाळ्या गाडी चालवत होता. मागचं चाक चिखलात रुतलं. बायका उतरून कडेला उभ्या राहिल्या. काकाही उतरले, पण कडेला नाही, गाडीच्या बरोबर मागे जाऊन उभे राहिले, आणि गाडी भाड्याने देणाऱ्यांचा सूचनांचा कागद काढून वाचायला लागले. अशा वेळी काय करू नये, हे त्यात क्रमाने दिलेलं होतं. गाडीच्या मागे उभं राहू नये हा मुद्दा सहावा, ते अजून तिसऱ्यावर होते. बाळ्याने जोर लावला, चाक सुटलं, आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी मागे घसरायला लागली.

काकांनी कागद उचलून मला वाचून दाखवला. "अकरा चाळीस. पहिली हाक: 'अरं गाढवा, बाजूला हो की!' हाक मारणारा बाळ्या, खिडकीतून. मी हललो नाही. एक मिनिट, म्हणून बोट वर केलं. दुसरी हाक: 'अरे हल ना तिथून!' हाक मारणारा सुध्या. मी हललो. गटारात पडलो. गाडी थांबली ती मी उभा होतो त्याच जागेवर."

"काका, अहो, जीव गेला असता."

"गेनाऊ," ते म्हणाले आणि हसले. "बाळ्या उतरून दगडावर बसला. दहा मिनिटं चहासुद्धा मागितला नाही. मग परत साहेबावर आला. येऊ दे. आता माझी तक्रार नाही. नऊ दिवसांत अरे दोन. पण एक बाळ्याचा आणि एक सुध्याचा. दोघांकडून आला." त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. खरंच, वेळ, शब्द, नावं, सगळं नीट रेघा मारून लिहिलेलं होतं. शाळेतलं प्रगतिपुस्तक दाखवावं तसं ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, "झालं की मग तुमचं काम." आणि मला मनापासून बरं वाटत होतं.

"दुसरी हाक सुधाकरभाऊजींची नव्हती," काकू म्हणाल्या. त्यांची आमच्याकडे पाठ होती.

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "सुध्याचीच. घाबरला, की त्याचा आवाज बायकी होतो. कॉलेजपासून."

"भाऊजी गाडीत डोळे मिटून रामरक्षा म्हणत होते. काचा बंद होत्या त्यांच्या बाजूच्या."

"मग कोणाची?"

काकूंनी तव्यावरची पोळी उलटली. "मी कडेला उभी होते ना," त्या म्हणाल्या.

काकांनी कागद परत स्वतःकडे वळवला. मग पेनचं टोपण काढून सुध्याचं नाव खोडलं, एका सरळ रेघेने, पट्टी न लावता. त्या जागी नवं नाव लिहिलं. मी सहा वर्षं त्या घरात राहिले, पण काकूंचं नाव मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

काकू वळल्या. गाल तव्याच्या आचेने लाल झाले होते, की कशाने, मला सांगता येणार नाही. "घाबरले होते," त्या म्हणाल्या. "गेलं तोंडातून. आता नाही जायचं परत."

काकांनी पेन खाली ठेवलं.

"का नाही पण?" ते म्हणाले.